शंभर कोटींची कंपनी आणि महिन्याचं वाणसामान

हल्ली लग्नाच्या स्थळांमध्ये एक नवा प्रकार दिसू लागला आहे. पूर्वी बायोडेटात 'बँकेत अधिकारी' असायचं. मग 'आयटीत, दोनदा ऑनसाइट' आलं. आता असतं, 'स्वतःची स्टार्टअप, व्हॅल्यूएशन शंभर कोटी'. मुलीच्या आईचे डोळे विस्फारतात. वडील गप्प होतात. मुलगी मात्र हळूच विचारते, "पगार किती घेतो?" उत्तर येतं, "सध्या चाळीस हजार. मागच्या दोन महिन्यांचा व्हायचाय अजून."

शंभर कोटींची कंपनी आणि महिन्याचं वाणसामान बाबांच्या पेन्शनमधून! मग हा मुलगा थापा मारतोय का? तर नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कशा, ते आपण बायकांनी समजून घ्यायलाच हवं. कारण अशा कंपन्यांच्या सुरुवातीला जो पैसा लागतो, तो बऱ्याचदा आपल्याच कपाटातून गेलेला असतो. कुणाची एफडी, कुणाच्या बांगड्या, कुणाचा पगार, ज्यावर दोन-तीन वर्षं घर चालतं.

मी तीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. समोर माणूस बसला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला. "तारण काय देणार? जामीनदार कोण?" थोडक्यात, बुडालं तर काय, हे बँक आधी बघते. व्हेंचर कॅपिटलवाला नेमकं उलटं विचारतो. चाललं तर किती मोठं होईल? तो कर्ज देत नाही, हिस्सा विकत घेतो. त्याला व्याज नको, हप्ता नको. कंपनी बुडाली तर त्याचेही पैसे बुडाले. पण चालली तर तो मालकांपैकी एक.

आता ते शंभर कोटी कुठून आले ते बघू. समजा, एका गुंतवणूकदाराने कंपनीत २० कोटी रुपये घातले आणि बदल्यात २० टक्के हिस्सा घेतला. २० टक्क्यांचे २० कोटी, तर १०० टक्क्यांचे १००. झालं व्हॅल्यूएशन शंभर कोटी! यातले २० कोटी आत्ताच आलेले, म्हणून पैसे येण्याआधीची किंमत ८० कोटी. पहिलीला म्हणतात पोस्ट-मनी, दुसरीला प्री-मनी. चौथीतलं गणित आहे, घाबरायचं कारण नाही. आणि ते २० कोटी मुलाच्या खिशात नाही, कंपनीच्या खात्यात जमा होतात. तिथून पगार, जाहिराती, सर्व्हर, भाडं. दीड-दोन वर्षांत संपावेत अशाच हिशेबाने ते घेतलेले असतात.

आपल्या सोसायटीचं उदाहरण घ्या. वीस फ्लॅट आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट दीड कोटीला गेला. लगेच संध्याकाळी खाली बाकावर बसून सगळ्या जणी हिशेब करतात, "म्हणजे आपली बिल्डिंग तीस कोटींची झाली की गं!" झाली का? एका फ्लॅटला, एका माणसाने, एका दिवशी दिलेला तो भाव आहे. उद्या वीसच्या वीस जणींनी एकदम विकायला काढलं तर तो भाव मिळेल का? आणि त्या खरेदीदाराने करारात लिहून घेतलं असेल की 'बिल्डिंग कधी विकली गेली तर माझे पैसे सगळ्यांच्या आधी', तर मग त्याचा दीड कोटी आणि तुमचा दीड कोटी एकच का? स्टार्टअपचं व्हॅल्यूएशन हे असं असतं. भाव खरा, पण अटींसकट.

मग नफा नसलेल्या कंपनीला कुणी इतका भाव देतंच का? यामागेही हिशेब आहे. व्हेंचर कॅपिटल फंड स्वतःचे पैसे फारसे घालत नाही. पेन्शन फंड, विमा कंपन्या, श्रीमंत घराणी यांचा पैसा तो गोळा करतो आणि साधारण दहा वर्षांत वाढवून परत द्यायचं कबूल करतो. समजा, त्याने दहा कंपन्यांत प्रत्येकी १० कोटी घातले. सहा बुडाल्या. तिघींनी जेमतेम मुद्दल परत दिलं, ३० कोटी. फंडाला १०० चे ३०० करायचे असतील तर उरलेले २७० कोटी त्या एकट्या दहावीने आणायचे. म्हणजे घातलेल्या पैशाचे सत्तावीस पट. ती दहावी कोणती हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून तो प्रत्येकीकडून सत्तावीस पटीची अपेक्षा ठेवतो. 'हळूहळू, कर्ज न काढता, दरवर्षी पंधरा टक्के वाढू' हे आपल्याला शहाणपणाचं वाटतं. त्याला ते चालतच नाही.

इंटरनेट कंपन्यांवर त्याचा जीव याच कारणासाठी. पापडाचा दुसरा किलो करायचा तर पुन्हा पीठ लागतं, पुन्हा लाटणारी लागते. एकदा तयार झालेलं अॅप मात्र हजार जणींनी वापरलं काय आणि दहा लाख जणींनी वापरलं काय, खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय जिथे गिऱ्हाईक जास्त, तिथेच विक्रेते जातात आणि विक्रेते तिथे म्हणून गिऱ्हाईकही. पहिला येतो तो बरंच काही घेऊन जातो. म्हणून मग सवलती, कॅशबॅक, दहा मिनिटांत कोथिंबीर! आपल्याला स्वस्तात मिळालेल्या त्या कोथिंबिरीचे उरलेले पैसे कुठल्या तरी फंडाने भरलेले असतात.

हे सगळं आजचं नाही. १९९९च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही कंपनी सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या बँकेत दिवसभर दुसरा विषय नव्हता. समाचार, खेल, खोज, बावर्ची अशा नावांची संकेतस्थळं. ना कारखाना, ना गोदाम. पुढे मार्च २००० मध्ये अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक पाच हजारांच्या वर जाऊन जो कोसळला, तो २००२ पर्यंत तीन चतुर्थांशांहून जास्त खाली आला. पेट्स डॉट कॉम ही कुत्र्या-मांजरांचं खाणं विकणारी कंपनी फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद झाली. वर्षसुद्धा नाही भरलं.

दुसरी बाजूही आहे. सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा २०१८ च्या मे महिन्यात वॉलमार्टने १६ अब्ज डॉलरला घेतला. तोपर्यंत इतक्या वेळा पैसे उभे केले होते, की सचिन बन्सल यांच्याकडे साडेपाच टक्क्यांच्या आसपासच हिस्सा उरला होता. पण त्याचेच सुमारे एक अब्ज डॉलर झाले. मोठ्या पातेल्यातला एक डाव, लहान वाटीभरापेक्षा जास्त.

आणि बायजूज? २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर व्हॅल्यूएशन. म्हणजे दीड लाख कोटी रुपयांहून जास्त. २०२४ मध्ये प्रोसस या मोठ्या गुंतवणूकदाराने आपल्या हिश्श्याची किंमत आपल्या वह्यांत शून्य लिहिली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. बावीस अब्ज गेले कुठे, असं कुणी विचारतं. अहो, ते सगळे होतेच कुठे? जो पैसा खरोखर आला होता तो खर्च झाला. बाकीचा गुणाकार होता.

ही 'खरी' किंमत ठरवताना आपल्या सरकारचीही दमछाक झाली. २०१२च्या अर्थसंकल्पात नियम आला, की खासगी कंपनीने शेअरच्या रास्त किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर वरच्या रकमेवर कर. लोक त्याला एंजल टॅक्स म्हणू लागले. पण जिचं सगळं काही उद्यावर अवलंबून, त्या कंपनीची आजची रास्त किंमत कोण सांगणार? नोटिसा, अपिलं, सवलती असं करता करता अखेर जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात तो कर काढूनच टाकला.

आता घरची गोष्ट सांगते. माझी भाची आणि तिचे दोन मित्र पुण्यात एक ऑनलाइन कंपनी चालवतात. लहान दवाखान्यांना औषधं आणि साहित्य पुरवायचं काम. तीन वर्षं झाली, उलाढाल बरी, नफा नाही. गेल्या वर्षी त्यांच्यासमोर दोन टर्म शीट आल्या. टर्म शीट म्हणजे करारापूर्वीचा अटींचा कागद. पहिल्या गुंतवणूकदाराचं म्हणणं, ८ कोटी देतो, २० टक्के द्या. व्हॅल्यूएशन ४० कोटी. दुसऱ्याचं म्हणणं, ६ कोटी देतो, २५ टक्के द्या. व्हॅल्यूएशन २४ कोटी.

मित्रांचं मत सरळ होतं. चाळीस कुठे, चोवीस कुठे! पैसेही दोन कोटींनी जास्त, म्हणजे आणखी सहा-सात महिन्यांची निश्चिंती. भाची कागद घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, तू आयुष्यभर करारच वाचलेस ना? हे वाच."

पहिल्या कागदात आठव्या पानावर एक कलम होतं. कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदाराला आधी त्याच्या पैशाच्या दुप्पट मिळणार, आणि त्यानंतर उरलेल्यातही २० टक्के. दुसऱ्या कागदातली अट साधी. एक तर आपले ६ कोटी परत घे, नाही तर २५ टक्के घे. दोन्ही नाही.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. समजा, चार वर्षांनी कंपनी ३० कोटींना विकली गेली. पहिला गुंतवणूकदार आधी १६ कोटी घेणार. उरलेल्या १४ कोटींचे २० टक्के म्हणजे २ कोटी ८० लाख. एकूण १८ कोटी ८० लाख त्याचे. ज्यांनी रात्रंदिवस राबून कंपनी उभी केली त्यांना मिळून ११ कोटी २० लाख. दुसरा गुंतवणूकदार ३० कोटींचे २५ टक्के, म्हणजे साडेसात कोटी घेणार. बाकीच्यांना साडेबावीस. दुपटीहून किंचित जास्तच! आणि २० कोटींनाच विकली गेली तर? पहिल्या कागदात तिघांना ३ कोटी २० लाख. दुसऱ्यात १४ कोटी. पहिला कागद त्यांच्या फायद्याचा ठरायला कंपनी अडीचशे कोटींच्याही पुढे विकली जायला हवी होती.

पाच दिवस वाद झाले. एका मित्राला बाजारात '४० कोटींची कंपनी' म्हणून नाव हवं होतं. त्याचंही अगदीच चूक नव्हतं. त्या आकड्यावर चांगली माणसं नोकरीला येतात, मोठी गिऱ्हाइकं विश्वास ठेवतात. भाचीने पहिल्याला कलम बदलायला सांगून पाहिलं, तो तयार होईना. शेवटी तिघांनी मिळून चोवीस कोटींवर सही केली. ती पुढे काय होईल हे मला माहीत नाही, तिलाही नाही. पण सही करताना काय देतोय हे तिला माहीत होतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट वर आली. गुंतवणूकदाराचे वकील कंपनीचे सगळे कागद तपासतात. त्यात पहिल्या वर्षीच्या आठ लाखांची एक नोंद होती, भाचीच्या नावावर. वकिलांनी विचारलं, हे पैसे कुठून आले? ते माझ्या ताईचे होते. मेहुणे गेल्यावर मिळालेल्या पैशातली एक एफडी तिने मोडली होती. कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "पोटच्या मुलीकडून काय कागद करून घ्यायचा?"

ताईचं हे वाक्य मी बँकेत तीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. नवऱ्याकडून काय कागद, भावाकडून काय कागद. प्रेमाचा आणि कागदाचा काही संबंध नाही, हे आपल्याला पटतच नाही. ताईला मी एवढंच म्हटलं, "तुझी मुलगी कागद देईलही नाही देईलही, तो प्रश्नच नाही. उद्या कंपनी त्या तिघांच्या हातात राहिली नाही तर नवा मालक तुला ओळखेल का?" ते तिला पटलं. भाचीने स्वतः पुढाकार घेऊन त्या रकमेची रीतसर नोंद करून दिली, परतफेडीच्या तारखेसकट. गुंतवणूकदाराचीही हरकत नव्हती. उलट कागद स्वच्छ झाले म्हणून तो खूशच झाला.

पैसे उभे करण्याच्या त्या आठ-नऊ महिन्यांत भाचीला आलेला अनुभव मात्र मला अजून टोचतो. तिघं एकत्र जायचे. मित्रांना विचारायचे, "पाच वर्षांत देशभर कसे पसराल?" भाचीला विचारायचे, "गिऱ्हाईक टिकेल कसं? चूक झाली तर जबाबदारी कोणाची?" एकाने तर सरळ विचारलं, "लग्नानंतर पुण्यातच राहणार ना?" मित्राचं लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही!

हा फक्त तिचा अनुभव नाही. अमेरिकेत डाना कान्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेतली गुंतवणूकदारांची प्रश्नोत्तरं तपासली. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के 'किती मिळवाल' अशा वळणाचे होते. बायकांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के 'बुडणार कसं नाही' अशा वळणाचे. गंमत म्हणजे, प्रश्न विचारणाऱ्या गुंतवणूकदार बायकाही तेच करत होत्या. माझ्या भाषेत सांगायचं तर पुरुषाला व्हेंचर कॅपिटलचा प्रश्न आणि बाईला बँकेचा! ज्याला जसा प्रश्न, तसंच तो उत्तर देतो, आणि पैसेही तसेच मिळतात. पण त्याच अभ्यासात एक उपायही सापडला. बुडण्याच्या प्रश्नाला ज्यांनी वाढीचं उत्तर दिलं, त्यांना कितीतरी जास्त पैसे मिळाले. म्हणजे 'गिऱ्हाईक टिकेल कसं' असं विचारलं की 'टिकेल हो, काळजी नको' म्हणून थांबायचं नाही. 'आज तीनशे दवाखाने दर महिन्याला परत येतात, याच जोरावर पुढच्या वर्षी दोन हजार करू' असं म्हणायचं. भाचीने ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून वापरलं.

आपल्याकडे फाल्गुनी नायर यांचं नाव सगळ्याच जणी घेतात. गुंतवणूक बँकेतली मोठी नोकरी सोडून पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२ मध्ये त्यांनी नायका सुरू केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिचं बाजारमूल्य एक लाख कोटींच्या वर गेलं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तेव्हाही निम्म्याहून जास्त हिस्सा त्यांच्या कुटुंबाकडे होता. बाहेरचा पैसा घेतला, पण मोजून. पुढच्याच वर्षी शेअरचा भाव विक्रीच्या मूळ किमतीच्याही खाली जाऊन आला, हेही लक्षात ठेवा. बाजारातला भावसुद्धा भावच असतो.

ज्यांची मुलं-सुना अशा कंपन्यांत नोकरीला आहेत, त्यांच्यासाठीही दोन शब्द. पगाराऐवजी 'ईसॉप' मिळाले, 'ऐंशी लाखांचे शेअर आहेत' असं ऐकलं की लगेच फ्लॅटचं टोकन देऊ नका. ते शेअर बहुतेकदा चार वर्षांत थोडे थोडे हक्काचे होतात, पहिल्या वर्षाआत सोडलं तर काहीच हाती लागत नाही. प्रत्यक्ष शेअर घेताना, घेतलेली किंमत आणि त्या दिवशीची किंमत यातल्या फरकावर पगारासारखा कर लागतो. मग तो शेअर विकायला गिऱ्हाईक असो वा नसो. काही नोंदणीकृत स्टार्टअपना हा कर पुढे ढकलायची मुभा २०२० पासून आहे, पण सगळ्यांना नाही. नोकरी सोडल्यावर किती दिवसांत शेअर घ्यावे लागतात, हे आधीच विचारून ठेवावं.

आणि प्रत्येक धंद्याला हा पैसा लागतोच असंही नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले, ते उसन्या ८० रुपयांवर. लिज्जत. त्यांनी पैसे घेतले, हिस्सा विकला नाही. काम करणारी प्रत्येक भगिनी मालकीण. त्यांना दहा वर्षांत कुणाला सत्तावीस पट करून द्यायचे नव्हते, म्हणून त्यांना आपल्या चालीने चालता आलं. अॅपच्या धंद्यात ती चाल परवडेलच असं नाही. पण केक, कपडे, शिकवण्या, मसाले असं काही करणाऱ्या मैत्रिणींनी फंडिंगच्या मागे लागण्याआधी स्वतःला विचारावं, मला सत्तावीस पट व्हायचंय का? की माझ्या घराला पुरेल असं, माझ्या हातातलं काहीतरी हवंय? दुसरं उत्तर कमीपणाचं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणी व्हॅल्यूएशनचा आकडा सांगितला की कौतुक जरूर करा. त्यानंतर चार प्रश्न विचारा. खात्यात प्रत्यक्ष किती आहेत आणि ते किती महिने पुरतील? कंपनी विकली तर आधी कोणाला किती? तुझा हिस्सा किती टक्के उरलाय? आणि आपल्या घरातून गेलेला पैसा कुठे, कोणाच्या नावाने लिहिलाय? जो खरंच धंदा करतोय तो या चारही प्रश्नांना रागावणार नाही. त्याच्याकडे उत्तरं तयार असतील.